ट्विटर सोडून मॅस्टोडॉनवर जाताना

ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतल्यावर अनेकांनी मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर खाती उघडली. भारतात अशी लाट त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाल्यानंतर आली होती. दोन्ही वेळा बरेच जण परतले, कारण ओळखीची माणसे नव्या जागी सापडली नाहीत. म्हणून निघण्याआधी माणसांची सोय करावी.

प्रथम एक्सच्या (ट्विटरचे आताचे नाव) सेटिंग्जमधून आपल्या साऱ्या माहितीची प्रत मागवावी. ती झिप फाइलच्या रूपात मिळते आणि तयार होण्यास एखादा दिवस किंवा अधिक काळ लागतो.

यानंतरचा निर्णय सर्व्हरचा, आणि तो घाईने घेऊ नये. मॅस्टोडॉन ही एकच जागा नसून वेगवेगळ्या व्यक्तींनी व संस्थांनी चालवलेले, ॲक्टिव्हिटीपब या प्रणालीने एकमेकांशी जोडलेले अनेक सर्व्हर आहेत. त्यामुळे आपले खाते कोणाच्या भरवशावर राहणार आहे, हे पाहणे आवश्यक ठरते. सर्व्हरचे नियम, चालकांची माहिती आणि खर्च कसा भागतो, हे ‘माहिती’ पानावर वाचावे. मॅस्टोडॉन.लॉल हा सर्व्हर २०२३ मध्ये त्याच्या चालकाने बंद केला. सर्व्हर चालू असेपर्यंत खाते दुसरीकडे हलवता येते व अनुयायीही सोबत येतात. जुन्या पोस्ट मात्र येत नाहीत. आपण ज्यांना अनुसरतो त्यांची यादी अधूनमधून उतरवून ठेवावी. खासगी संदेश सर्व्हरचालकाला तांत्रिकदृष्ट्या वाचता येऊ शकतात, तेव्हा नाजूक मजकूर तेथे लिहू नये.

खाते उघडल्यावर पोस्टची भाषा मराठी निवडावी, स्वतःची ओळख करून देणारी पोस्ट हॅशटॅगसह लिहावी. मुख्य पानावर पोस्ट काळाच्या क्रमाने दिसतात, कोणती पोस्ट वर आणायची हे ठरवणारा अल्गोरिदम तेथे नाही. म्हणून आवडलेले लेखन केवळ पसंत करून न थांबता ‘बूस्ट’ करावे, म्हणजे आपल्या अनुयायांना पुढे दाखवावे, तरच ते इतरांपर्यंत पोहोचते.

आता नवा पत्ता, सर्व्हरच्या नावासह, एक्सवरील परिचयात लिहावा आणि ज्यांचे लेखन आपण नियमाने वाचतो त्यांना तो व्यक्तिशः कळवावा. जुने खाते मात्र इतक्यात बंद करू नये: निष्क्रिय केल्यापासून ३० दिवसांत परत न आल्यास ते कायमचे जाते, आणि उशिरा शोधत येणाऱ्या मित्राला आपला नवा पत्ता सांगणारी खूण उरत नाही.