वॅक्स निघता निघत नाही? गाडीच्या रंगाचं संरक्षण निवडताना आणि लावताना या चुका टाळा

गाडीला वॅक्स लावायला घेतलं, तासाभराचं काम दुपारभर चाललं आणि तरी बॉनेटवर पांढरे पट्टे राहिलेच. असं झालं की आपण दोष डब्याला देतो. पुढच्या वेळी जास्त महागाचा डबा येतो आणि पट्टे पुन्हा तिथेच. डब्यातल्या मालात खोट असण्याची वेळ क्वचितच येते. आपल्याला सवडीने वापरता येणार नाही असं उत्पादन निवडलेलं असतं, नाहीतर पत्रा तयार नसताना ते थापलेलं असतं.

आधी आपण नेमकं काय वाचवतोय ते बघू. आजच्या बहुतेक गाड्यांच्या रंगावर सर्वांत वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेक माणसांच्या केसाहूनही कमी. उन्हातले अतिनील किरण थोपवणारी द्रव्यं याच थरात असतात. हा थर झिजून गेला की कुठलंही वॅक्स तो परत आणू शकत नाही, पुन्हा रंगकामच करावं लागतं. वॅक्स, सीलंट किंवा सिरॅमिक कोटिंग यांचं काम इतकंच, की ऊन, क्षार, किडे, पक्ष्यांची विष्ठा यांचा पहिला मार क्लिअर कोटऐवजी स्वतःवर घ्यायचा. म्हणून वरून दिलेला हा संरक्षक थर झिजणं हे त्याचं अपयश नाही, तो झिजण्यासाठीच आहे. आणि म्हणूनच तो पुन्हा पुन्हा लावता येईल इतका सोपा असायला हवा.

वॅक्सकडून पॉलिशचं काम मागणं

पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ते क्लिअर कोटचा अगदी पातळ पापुद्रा काढतात आणि त्याबरोबर हलके ओरखडे जातात. वॅक्स काहीच काढत नाही, वरून थर देतं. त्यामुळे ओरखडे घालवायला वॅक्स आणलं तर निराशा ठरलेली. काही वॅक्समध्ये ओरखडे भरून काढणारी तेलं असतात. त्यांनी चार दिवस गाडी छान दिसते, दोन-तीन धुण्यांत ओरखडे पुन्हा वर येतात.

याच्या उलट चूक जास्त महागात पडते. ‘क्लीनर वॅक्स’ नावाने मिळणाऱ्या प्रकारात घासणारे कण किंवा तीव्र सॉल्व्हंट (विरघळवणारी द्रवं) मिसळलेले असतात. जुन्या, मंदावलेल्या रंगावर ते उपयोगी आहे. पण दर महिन्याला हौसेने तेच चोळत राहिलात तर ज्याला वाचवायचं तोच थर तुम्ही झिजवताय. आधीचं कोटिंग असेल तर त्यालाही ते खरवडतं. डब्याची मागची बाजू नीट वाचा. ‘ओरखडे घालवतं’ असं लिहिलेलं असेल तर ते नियमित लावायचं वॅक्स नव्हे.

डब्यावरचे महिने बघून निवड करणं

‘सहा महिने’, ‘एक वर्ष’, ‘पाच वर्षं’ हे आकडे वाचून माणूस साहजिकच मोठा आकडा उचलतो. मला वाटतं, सगळ्यात जास्त पैसा इथेच वाया जातो. टिकाऊपणा जितका जास्त, तितकी तयारी कडक आणि लावतानाच्या चुकीला माफी कमी.

कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळतं. नैसर्गिक मेणांमध्ये ते सर्वांत कठीण, वितळायला ८० अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. शुद्ध स्वरूपात ते इतकं टणक असतं की हाताने लावताच येत नाही, म्हणून डब्यात ते तेलं आणि सॉल्व्हंटबरोबर मऊ करून भरतात. ‘शंभर टक्के कार्नोबा’ या शब्दांनी म्हणूनच भुलू नका. गडद रंगांवर याची खोल, ओलसर चकाकी खरोखर सुंदर दिसते, पण उघड्यावर राहणाऱ्या गाडीवर ते महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट पॉलिमरचं असतं, लावायला वॅक्सइतकंच सोपं, आणि काही महिने साथ देतं. खऱ्या सिरॅमिक कोटिंगची छोटी बाटली येते. ते रंगाला घट्ट चिकटून कडक होतं आणि वर्षानुवर्षं टिकू शकतं. मात्र त्याआधी पॉलिश, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलाचा अंश काढणं, आणि लावल्यावर ते पक्कं होईपर्यंत गाडी कोरडी ठेवणं हे सगळं आलं. पुसायला थोडा उशीर झाला तर जो डाग राहतो तो पॉलिशनेच जातो. बंद जागा, भरपूर उजेड आणि मोकळा दिवस नसेल तर घरी त्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या बाटलीवरच्या ‘९ एच’चा अर्थही समजून घ्या. ही पेन्सिलीने ओरखडून बघण्याची मोजपट्टी आहे. उडालेला दगड किंवा किल्लीचा चरा त्याने अडत नाही. दगडापासून वाचायचं असेल तर पारदर्शक संरक्षक फिल्म लागते, ती साधारण १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते.

मग सोपं काय? पहिल्यांदाच हे करणाऱ्याला मी सिलिका असलेला स्प्रे सीलंट सुचवेन. कापडावर थोडा फवारायचा, पत्र्यावर पसरायचा, लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने पुसायचा. वाळण्याची वाट बघायची नाही, पांढरी पूड उडत नाही. तो सिरॅमिक कोटिंगइतका टिकणार नाही. पण गाडी धुतल्यावर पंधरा-वीस मिनिटांत तो पुन्हा लावता येतो, आणि लावला जातो. गाडी कायम उन्हात उभी असेल तर हा सोपेपणा आणखी महत्त्वाचा, कारण तिथे थर लवकर झिजणारच. ज्यांना गाडीवर हात फिरवत बसण्यात आनंद आहे त्यांनी बेलाशक पेस्ट वॅक्स घ्यावं. तो आनंदही खरा आहे.

ओल्या गाडीवर फवारून पाण्याने धुऊन टाकायचे स्प्रेही मिळतात. याहून सोपं काही नाही, पण अट एकच: ते पत्र्यावर वाळता कामा नयेत. एका वेळी एक भाग फवारा आणि जोराच्या पाण्याने लगेच धुवा.

धुतलेली गाडी म्हणजे स्वच्छ गाडी, असं समजणं

गाडी धुऊन वाळवा. हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटं पत्र्यावरून हलकेच फिरवा. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलेलं आहे: ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण, डांबराचे थेंब, झाडाचा चीक. त्यावर वॅक्स लावलं तर ते रंगाला धरत नाही, घाणीला धरतं. लोखंडाच्या कणांसाठी वेगळा क्लीनर मिळतो. तो लागला की कण जांभळे होऊन ओघळतात (वास उग्र असतो, मोकळ्या हवेत वापरा). डांबरासाठी डांबराचाच क्लीनर. उरलेल्यासाठी डिटेलिंगचा क्ले, म्हणजे रुतलेली घाण ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर निसरडं द्रव फवारून, अजिबात जोर न देता. क्ले जमिनीवर पडला की टाकून द्या. त्यात अडकलेला एक वाळूचा कण सगळ्या दरवाजावर रेघा मारतो.

थरांचा क्रमही इथेच ठरतो. सीलंटवर वॅक्स चालतं, वॅक्सवर सीलंट धरत नाही, कारण खाली तेलकट मेण असतं. आणि नुकतंच रंगकाम झालेल्या भागावर घाई नको. ताज्या रंगातली सॉल्व्हंट काही आठवडे बाहेर पडत असतात. रंग केलेल्या कारागिराला विचारा, साधारण महिना ते तीन महिने थांबायला सांगतात. मॅट रंगाच्या गाडीला नेहमीचं वॅक्स किंवा पॉलिश लावूच नका, त्यासाठी वेगळी उत्पादनं आहेत. नाहीतर चकचकीत चट्टे पडतात आणि ते सहजासहजी जात नाहीत.

गरम पत्रा आणि जाड थर

पट्टे, डाग, निघता न निघणारं वॅक्स यांतल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या दोन गोष्टींत आहे.

उन्हात उभ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवून बघा. चटका बसत असेल तर काम सुरू करू नका. वॅक्समधलं सॉल्व्हंट तिथे क्षणात उडून जातं आणि मागे कडक पापुद्रा उरतो. सावलीत आणूनही पत्रा आणि इंजिन गार व्हायला वेळ द्या. हवा दमट असेल तर उलट होतं, वॅक्स वाळायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतं. तेव्हा घड्याळाकडे बघू नका, बोट फिरवून बघा. बोटाखालची जागा स्वच्छ, चकचकीत निघाली तर पुसायला हरकत नाही. वॅक्स फराटल्यासारखं पसरलं तर अजून थांबा.

जाड थराबद्दलचा गैरसमज फारच चिवट आहे. रंगाला धरतो तो अगदी पातळ थर. बाकीचं सगळं तुम्ही कापडाने पुसून फेकता, आणि तेच पुसताना घाम निघतो. भाकरीवर तूप फिरवतो तितकंच, त्याहून जास्त नाही. ओलसर स्पंजवर चिमूटभर पेस्ट घेऊन अख्खा दरवाजा होतो. लावल्यावर ते जेमतेम दिसलं पाहिजे. जास्त संरक्षण हवं असेल तर पहिला थर पुसून काही तासांनी दुसरा पातळ थर द्या. त्याचा मुख्य फायदा हा, की पहिल्यांदा सुटलेल्या जागा भरून निघतात.

हात गोल फिरवावा की सरळ, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. स्पंज स्वच्छ असला आणि जोर कमी असला की दोन्ही चालतं.

कापड

जुना बनियन किंवा सुती फडका नको. मऊ, दाट मायक्रोफायबर घ्या, लावायला एक आणि पुसायला किमान दोन. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाळा, त्याने धागे तेलकट होतात आणि काचेवर-पत्र्यावर फराटे उमटतात. सुती कपड्यांबरोबर धुतलं तर त्यांचे तंतू मायक्रोफायबरला चिकटतात. आणि धुळीने भरलेली गाडी कोरड्या कापडाने झटकायची सवय सोडा. वॅक्स कितीही चांगलं असलं तरी ही एक सवय त्यावर मात करते.

जिथे लावायचं नाही तिथे लावणं

ही चूक जिवाशी येऊ शकते. चाकाजवळ स्प्रे फवारताना ब्रेकच्या डिस्कवर उडाला तर ब्रेक घसरतात. चाकाचं काम असेल तर द्रव कापडावर घ्या, थेट फवारू नका. चुकून उडालंच तर ब्रेक क्लीनरने डिस्क पुसा आणि मोकळ्या जागेत हळू चालवून ब्रेक लागतात का ते तपासा. पॅडमध्ये मुरलं असेल तर मेकॅनिककडे जायलाच हवं. दुचाकीवर तर आणखी जपावं लागतं: सीट, पाय ठेवण्याच्या जागा, हँडलच्या मुठी आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांना वॅक्सचा स्पर्शही नको. पुढच्या काचेवर रंगाचं वॅक्स गेलं तर वायपर थरथरतो आणि रात्री समोरचा प्रकाश फाकतो.

बिघडलंच तर

वॅक्स वाळून दगड झालंय? घासू नका. पत्रा गार करा, त्याच जागी थोडं ताजं वॅक्स लावा आणि लगेच पुसा. ताज्या वॅक्समधलं सॉल्व्हंट खालचं मऊ करतं. स्प्रे सीलंटचे इंद्रधनुषी पट्टे दिसले तर हाच उपाय, थोडा ताजा स्प्रे आणि कोरडं कापड. दुसऱ्या दिवशी सकाळी रंग धुरकट दिसला तर घाबरू नका, काही वॅक्समधलं तेल रात्रीतून वर येतं. मऊ कापडाचा एक हात पुरतो.

काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग पडले असतील तर मऊ ब्रश आणि पातळ केलेला ऑल-पर्पज क्लीनर वापरा. पुढच्या वेळी त्या कडांवर आधी मास्किंग टेप लावा, दोन मिनिटांचं काम आहे. पुसताना कापडावर गाडीचाच रंग येत असेल तर एक तर त्या रंगावर क्लिअर कोट नाही, किंवा तो त्या जागी संपला आहे. घासणारं काहीही लगेच थांबवा, साधं वॅक्स चालेल.

पाण्याचे मोती बनणं थांबलं म्हणजे वॅक्स संपलंच असं नाही. वर धुळीचा, तेलकट थर बसला तरी पाणी पसरतं. आधी पीएच-न्यूट्रल (आम्लही नाही, अल्कलीही नाही अशा) शॅम्पूने नीट धुवा, मग पुन्हा पाणी टाकून बघा. तरीही पसरत असेल तर नवा थर द्या. हे मोती उन्हात तसेच वाळू देऊ नका. जड पाण्यातले क्षार मागे राहून गोल डाग पडतात. डाग ताजे असतील तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी सम प्रमाणात घेऊन गार पत्र्यावर मिनिटभर ठेवा आणि धुऊन टाका. त्याने तिथलं वॅक्सही कमजोर होतं, तेवढ्या जागी परत लावा.

पक्ष्याची विष्ठा मात्र उद्यावर टाकू नका. उन्हात क्लिअर कोट तापून मऊ होतो, वर ती वाळून कडक होते, आणि गार होताना रंग तिच्याभोवती आक्रसून कायमचा ठसा राहतो. वॅक्समुळे थोडा वेळ मिळतो, इतकंच. ओलं कापड त्यावर काही मिनिटं ठेवा, भिजू द्या, मग न घासता उचलून घ्या. डिकीत एक पाण्याची बाटली आणि दोन मायक्रोफायबर यासाठीच ठेवा, आणि घरी आल्यावर तेवढ्या जागेवर स्प्रेचा एक हात फिरवा.