थंडीतल्या पाहुण्यांसाठी: दाणे मूठभर, पाणी परळभर

तासगाव भागात द्राक्षबाग असलेल्या बाईनं पक्ष्यांना घरी बोलवा म्हणावं, हे आमच्या घरात कुणालाच पटत नाही. मण्यांत पाणी उतरायला लागलं की बुलबुल, साळुंक्या येऊ नयेत म्हणून आम्हीच जाळी बांधतो. पण बाग वेगळी आणि परस वेगळं.

दाणे ठेवायचेच तर जोंधळे, बाजरी नाहीतर तांदळाची कणी. सकाळी मूठभर, दुपारपर्यंत संपेल एवढंच. ढीग घातला की पारवे ठाण मांडतात आणि चिमण्या, मुनिया फिरकत नाहीत. खारे शेंगदाणे, फरसाण, शिळी भाजी अजिबात नको. बुलबुलाला पिकल्या पपईची फोड खिळ्याला टोचून ठेवा, बागेपासून लांब.

पण खरे थंडीचे पाहुणे दाण्याला तोंडच लावत नाहीत. थिरथिऱ्या, धोबी, गप्पीदास हे किडे खाणारे. आपल्याकडं बर्फ पडत नाही, किडे मिळतातच. तेव्हा त्यांना पाणी द्या आणि जमीन थोडी मोकळी सोडा. मातीचा पसरट परळ घ्या, दोन बोटं पाणी, मधे एक दगड. झुडपाच्या अगदी बुडाशी ठेवला तर मांजराचं फावतं, म्हणून चार-पाच हात लांब. पाणी रोज बदला, परळ काथ्यानं घासा. आणि परसात औषध मारू नका.

थिरथिऱ्या ओळखायला सोपा. नर वरून काळा, पोट विटकरी. कुंपणाच्या खांबावर बसतो, झपकन खाली येतो, किडा उचलून परत खांबावर. बसला की शेपूट थरथरतं, थांबतच नाही. मादी मातकट, पण शेपटी तशीच तांबूस, तशीच थरथरती. दोघांपैकी कुणीही पाणी प्यायला उतरलं की हलू नका, मोबाइल काढायच्या भानगडीत तर पडूच नका.

तळ्यावर जायचं तर खटाव तालुक्यात मायणी, येरळवाडी, सूर्याचीवाडी आहेत. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते. सकाळी पूर्वेच्या काठावर उभं राहा, ऊन पाठीवर येतं आणि रंग नीट दिसतात. उलट्या बाजूनं चक्रवाक हे नारिंगी बदकसुद्धा काळंच दिसणार. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस दिसला तर तो पट्टकादंब, हिमालय ओलांडून आलेला. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाण्यात लांब असतात. त्यांच्यामागं चिखलात शिरू नका, थवा उठतो आणि त्यांचं चरणं बुडतं. सुट्टीच्या दिवशी नऊनंतर गर्दी होते, मग मी घरी येते.

वाटेत शाळूच्या रानांवर भोरड्यांचे थवे वळताना दिसतील, काळं डोकं आणि गुलाबी अंग. बांधावरूनच बघा, रानात शिरायचं तर मालकाला विचारून. आणि माळ्यावर गोफण घेऊन बसलेल्या माणसापुढं भोरड्यांचं कौतुक करू नका.