आईच्या फोनला माजघरात रेंज कशी आणली

संगमेश्वरकडच्या आमच्या वाडीत आईचा फोन फक्त अंगणातल्या आंब्याखाली लागायचा. तरी रोज दीड जीबीचं रिचार्ज चालूच! गणपतीत गेलो तेव्हा शेजारच्या काकूंचं दुसऱ्या कंपनीचं सिम तिच्या फोनात घालून पडवी, माजघर, मागीलदार असा घरभर फिरलो. माजघरातही दोन दांड्या. (काकूंना वाटलं, मी काहीतरी शोधतोय.) मग १९०० वर पोर्टचा, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचा, एसएमएस केला, कोड आला. तो ४ दिवसच चालतो, म्हणून लगेच देवरुखला त्या कंपनीच्या दुकानात जाऊन आधार दाखवलं. नंबर तोच राहिला. आई नेट बघतच नाही. ट्रायच्या (फोन कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियमामुळे २०२५ पासून नुसत्या कॉल-एसएमएसचे पॅक मिळतात, तोच मारला. माझं नेट मात्र अजून आंब्याखालीच.