घर सोडावं लागलं तर: निवारा आणि संरक्षणाचा आदेश कसा मिळवायचा

कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २००५ साली झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यातली निवाऱ्याची तरतूद फारशी कुणाला ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असायला हवी, त्यांच्यातलेही काही जण बाईला दारातूनच परत पाठवतात: "आधी पोलिसांचं पत्र आणा." असलं पत्र कायदा मागत नाही. कलम ६ प्रमाणे बाईने स्वतः विनंती केली, किंवा तिच्या वतीने संरक्षण अधिकाऱ्याने वा नोंदणीकृत संस्थेने केली, की निवारागृहाने तिला जागा द्यायची आहे. २००६ च्या नियमांतला १६ वा नियम आणखी स्पष्ट आहे. हिंसेचा अहवाल आधी नोंदवला नाही या कारणावरून निवारा नाकारता येत नाही, आणि ती इथे आहे हे तिने नको म्हटलं तर समोरच्याला कळवायचं नाही. हे दोन मुद्दे पाठ करून ठेवा, कारण अडवणूक नेमकी इथेच होते.

खालची माहिती महाराष्ट्रातल्या व्यवस्थेची आहे. केंद्राचा कायदा आणि योजना सगळीकडे त्याच, दारावरची पाटी मात्र राज्याराज्यात बदलते.

निघण्याआधी, वेळ असेल तर

मूळ कागद काढून आणता आले नाहीत तरी फोटो काढून ठेवा: आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला (नसेल तर पत्रिका किंवा लग्नातला फोटो), नवऱ्याची पगारपावती किंवा सातबारा, दागिन्यांच्या पावत्या. पगारपावतीचा फोटो पुढे पोटगीच्या वेळी फार कामाला येतो. नवरे कोर्टात एकदम बेरोजगार होतात. हे फोटो स्वतःच्या फोनवर न ठेवता विश्वासातल्या माणसाकडे पाठवा आणि पाठवल्याचा मेसेज पुसा.

फोनकडे बहुतेक जणी शेवटी बघतात, खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी. लोकेशन शेअरिंग बंद आहे का, गुगल खातं नवऱ्याच्या फोनवरही उघडं आहे का, व्हॉट्सअ‍ॅप दुसऱ्या यंत्राला जोडलेलं आहे का, हे तपासा. सिम नवऱ्याच्या नावावर असेल तर तो ते बंद करू शकतो, आणि मग बँकेचा ओटीपी येणार नाही. आधारला जोडलेला नंबरही त्याचाच असेल तर आधार केंद्रात जाऊन तो बदलून घ्या. लाडकी बहीणचे किंवा दुसऱ्या कुठल्या योजनेचे पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात पडतात. ते खातं आणि त्याचं एटीएम कार्ड कुणाच्या हातात आहे हेही आत्ताच बघा.

त्या रात्री

जिवाला धोका असेल तर ११२. गाडी आली, भांडण थांबलं आणि तक्रार दिली नाही, तरी फोनची नोंद राहते आणि पुढे ती पुरावा म्हणून मागवता येते. धोका टळला असेल पण राहायला जागा नसेल तर १८१ ही महिला हेल्पलाइन. फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा, "आज रात्री राहायला जागा हवी आहे, सोबत अमुक मुलं आहेत." घडलेलं सगळं आधी सांगत बसलं की फोन समुपदेशनाकडे वळतो आणि जागेचा विषय मागे पडतो. जायला वाहन नसेल तर तेही त्याच फोनवर सांगा.

रात्रीचं ठिकाण म्हणजे 'सखी' वन स्टॉप सेंटर. ही योजना १ एप्रिल २०१५ पासून आहे, पैसा निर्भया निधीतून येतो आणि आता ती केंद्राच्या मिशन शक्ती या महिलांसाठीच्या कार्यक्रमाखाली चालते. बऱ्याच ठिकाणी हे केंद्र जिल्हा रुग्णालयाच्या आवारात किंवा जवळपास असतं. राहणं, जेवण, औषधोपचार, पोलीस मदत, वकील आणि समुपदेशन एका छताखाली मिळावं हा त्यामागचा हेतू. मुक्काम साधारण पाच दिवसांचा असतो. म्हणून दुसऱ्याच दिवशी विचारा, "पाच दिवसांनंतर मला कुठे पाठवणार?" उत्तर लेखी घ्या. पाचव्या दिवशी संध्याकाळी विचारलं तर उत्तर बहुधा "माहेरी जा" असंच येतं.

लांबच्या मुक्कामासाठी शासकीय महिला राज्यगृह किंवा संस्थांनी चालवलेलं शक्ती सदन (पूर्वीचं स्वाधारगृह) असतं. जाण्याआधी तीन गोष्टी फोनवर विचारून घ्या: मुलगा किती वर्षांचा असेपर्यंत सोबत राहू शकतो, नोकरीसाठी बाहेर जाता येतं का, फोन जवळ ठेवता येतो का. मुलग्याच्या वयाची मर्यादा ही मोठी अडचण आहे. ती ओलांडलेल्या मुलाला कित्येकदा बालगृहात ठेवायला सांगतात आणि आई त्याच पावली सासरी परतते. अशा वेळी मुलासाठी नातेवाइकाचं घर आधीच ठरवून ठेवावं. संस्थांचं अनुदान रखडलं की नवे प्रवेश थांबवले जातात, त्यामुळे यादीतलं नाव बघून थेट जाऊ नका. आधी जागा आहे का ते विचारा.

दवाखाना

मार लागला असेल तर सरकारी किंवा पालिकेच्या रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "नवऱ्याने मारलं." केसपेपरवर "जिन्यावरून पडली" असं लिहिलं गेलं की ते पुसणं कठीण. एमएलसी (पोलिसांना कळवायच्या दुखापतीची रुग्णालयातली नोंद) नोंदवली का ते विचारा आणि तिचा नंबर टिपून ठेवा. याच कायद्याचं कलम ७ आणि १७ व्या नियमाप्रमाणे हिंसेचा अहवाल नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. उलट अहवाल झालेला नसेल तर रुग्णालयानेच तो भरून संरक्षण अधिकाऱ्याकडे पाठवायचा, आणि तपासणीच्या कागदाची प्रत तुम्हाला फुकट द्यायची. वळांचे फोटो रोज काढा. माराचे डाग पहिल्या दिवशी पुसट असतात, दोन-तीन दिवसांनी गडद होतात. मुंबईत पालिकेच्या काही रुग्णालयांत हिंसा सोसलेल्या बायकांना मदत करणारे 'दिलासा' विभाग आहेत. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयातला सगळ्यात जुना.

पोलीस ठाणं आणि संरक्षण अधिकारी

पोलीस ठाण्यात दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांची गल्लत होते. एक फौजदारी गुन्हा: नवरा किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ८५, म्हणजे जुनं ४९८-अ. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांनी थेट एफआयआर नोंदवायचा असतो, तरी ठाण्यात सर्रास एनसी (अदखलपात्र नोंद) लिहून बोळवण करतात. एनसीची प्रत जरूर घ्या, पण "मला एफआयआर द्यायचा आहे" हे अर्जात लिहून पोच घ्या. हद्दीचं कारण सांगितलं तर शून्य क्रमांकाने नोंद (झिरो एफआयआर, जो हद्द नसलेल्या ठाण्यातही घेता येतो) करायला सांगा. तरीही नकार आला तर पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने अर्ज पाठवा.

दुसरं काम म्हणजे डीव्हीची, म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालची केस, आणि तिला एफआयआर लागत नाही. ती दिवाणी वळणाची आहे: घर, पोटगी, मुलांचा ताबा, नवऱ्याला लांब ठेवणं. ज्या बाईला नवऱ्याला तुरुंगात पाठवायचं नाही, फक्त मार थांबवायचा आहे, तिच्यासाठी हाच रस्ता आहे. इथला माणूस संरक्षण अधिकारी. महिला व बाल विकास विभागाच्या कार्यालयात किंवा तालुक्याला तो सापडतो. तो नमुना १ मध्ये कौटुंबिक घटना अहवाल भरतो. त्याला डीआयआर म्हणतात आणि पैसे पडत नाहीत. "नेहमी मारतो" असं मोघम न सांगता तीन-चार प्रसंग नीट द्या: तारीख किंवा सण, जागा, कशाने मारलं, कोण होतं, नंतर कुठे गेलात. "गौरी-गणपतीच्या दुसऱ्या दिवशी" एवढंही चालतं. पैसे काढून घेणं, नोकरी सोडायला लावणं, शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती हेही कलम ३ च्या हिंसेत येतं. फक्त मार सांगून थांबू नका.

अधिकारी जागेवर नसेल तर अडून बसू नका. बाईला थेट मॅजिस्ट्रेटपुढे अर्ज करता येतो, आणि त्यासाठी डीआयआर सक्तीचा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं आहे. पोलीस आयुक्तालय किंवा पोलीस ठाण्याच्या आवारात 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' असेल तर तिथले सामाजिक कार्यकर्ते ही कामं जाणतात. हा उपक्रम १९८४ साली मुंबईत सुरू झाला.

सावध राहायचं ते "दोघांना समोरासमोर बसवू" या आग्रहापासून. कोर्टाने पाठवल्याशिवाय एकत्र समुपदेशनाला जायची सक्ती नाही. कोर्टाने पाठवलं तरी "तिनेच चिडवलं म्हणून मारलं" असं समर्थन करायला नियम नवऱ्याला मुभा देत नाही. तडजोडीच्या कागदावर सही करायची असेल तर आधी वकिलाला दाखवा.

शेजारी, आशाताई, अंगणवाडी सेविका यांच्यापैकी कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं. कलम ४ प्रमाणे सद्‌हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्यांच्यावर दावा किंवा खटला होत नाही.

कोर्ट

वकील जिल्हा किंवा तालुका विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो. महिलांना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. उत्पन्नाचा दाखला मागितला तर विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७, कलम १२ दाखवा. हेल्पलाइन १५१००.

कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यातल्या कलम १२ चा अर्ज तुम्ही तात्पुरत्या राहता तिथल्या कोर्टातही चालतो. माहेर नाशिकला आणि सासर सोलापूरला असेल तर सोलापूरला खेटे घालायची गरज नाही. पहिली तारीख सहसा तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत असं कायद्यात आहे. प्रत्यक्षात साठ दिवस क्वचितच पाळले जातात. म्हणून मूळ अर्जासोबत कलम २३ चा अंतरिम अर्ज आणि शपथपत्र त्याच दिवशी द्या. धोका दिसला तर समोरच्याला न ऐकताही कोर्ट आदेश देऊ शकतं.

मागण्या सुट्या सुट्या लिहा: संपर्क आणि मारहाणीला बंदी (कलम १८), घरात राहण्याचा हक्क किंवा भाड्याचे पैसे आणि स्त्रीधन परत (१९), पोटगी आणि औषधांचा खर्च (२०), मुलांचा ताबा (२१), भरपाई (२२). घर सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून हक्क आपोआप संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने ते स्पष्ट झालं. नवरा नोकरदार असेल तर पोटगी थेट मालकाने पगारातून भरावी असा आदेश मागा. नाही तर वसुलीसाठी पुन्हा अर्ज करत बसावं लागतं. दोन्ही बाजूंना मिळकतीचं शपथपत्र द्यावं लागतं, तेव्हा तो पगारपावतीचा फोटो बाहेर काढा.

केस रेंगाळते ती बहुधा नोटीस न बजावल्यामुळे. नवऱ्याचे घरचा, कामाचा, गावचा असे सगळे पत्ते अर्जात घाला. दूरच्या चुलत सासू-सासऱ्यांपर्यंत सगळ्यांची नावं घालण्याचा मोह टाळा. प्रत्येक नावामागे एक नोटीस आणि एक वकील वाढतो.

मुलांच्या शाळेचं थांबवू नका. आठवीपर्यंत शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेतून दाखला मागवताना मात्र नव्या शाळेचं नाव तिथे पोचतं. जागा गुप्त ठेवायची असेल तर संरक्षण अधिकाऱ्याशी आधी बोला.

आदेशाच्या प्रती फुकट मिळतात. एक जवळ ठेवा, एक पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्या, एक मुलांच्या शाळेत द्या. त्यानंतर नवरा दारात आला तर "भांडायला आलाय" एवढंच न सांगता "कलम १८ चा आदेश मोडलाय, कलम ३१ खाली नोंद घ्या" असं सांगा. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे; शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही.