घरच्या कोळशावर अदाना कबाब

तुर्कस्तानच्या दक्षिणेतल्या अदाना शहराचा हा कबाब. कोकराचं मांस, चरबी, लाल मिरची, मीठ, बस. अंडं, पावाचा चुरा, बेसन काही नाही. म्हणूनच घरी केला की हमखास सळईवरून गळतो.

चार सळयांना ६०० ग्रॅम मांस आणि १५० ग्रॅम चरबी घ्या. तिकडे मेंढीच्या जाड शेपटीची चरबी वापरतात. आपल्याकडे ती मिळणं कठीण, तेव्हा खाटकाकडून गुर्द्याभोवतीची मागा. पुण्याकडे बोल्हाईचं मटण मिळतं ते मेंढीचंच, ते उत्तम. बोकडाचं चालेल, पण त्यात चरबी कमी, म्हणून वरून घातलेल्या चरबीत काटकसर नको.

अदानात मांस झिर्ह नावाच्या मोठ्या, वाकड्या सुरीने बारीक चिरतात. घरी जड सुरी चालते. मांस अर्धा तास फ्रीझरमध्ये कडक करून ज्वारीच्या दाण्याएवढं बारीक चिरा. मिक्सर नको: पात्याच्या उष्णतेने चरबी वितळते आणि कबाब रबरासारखा होतो. खिमा आणायचाच तर जाड जाळीतून एकदाच काढून घ्या.

दोन लाल ढोबळ्या मिरच्या बारीक चिरून फडक्यात घट्ट पिळा. अगदी कोरड्या. कबाब गळण्याचं पहिलं कारण हे पाणीच. त्याची वाफ होते आणि मांस सळईपासून सुटतं. चिरलेलं मांस, चरबी आणि ही पिळलेली मिरची एकत्र करून त्यात १२ ग्रॅम मीठ आणि दोन चमचे भरड लाल मिरची घाला. ब्याडगीची भरड रंगाला छान, तिखट हवं तर थोडी लवंगी. आलं-लसूण घातलं तर चव चांगली लागेल, पण तो अदाना नव्हे.

आता पाच मिनिटं तळहाताने रगडून मळा. मिठामुळे मांसातली प्रथिनं सुटतात आणि गोळा चिकट होतो. थोडं मिश्रण तळहाताला लावून हात उलटा केला तरी पडलं नाही, की झालं. झाकून निदान तासभर फ्रीजमध्ये ठेवा.

सळई दोन सेंटिमीटर रुंद आणि चपटीच हवी. गोल सळईवर मांस जागच्या जागी फिरतं. ओल्या हाताने दाबत दीड सेंटिमीटर जाडीचा थर द्या, बोटांनी खळगे पाडा, दोन्ही टोकं नीट चिकटवा.

कोळशावर राखाडी राख धरली की दोन्ही बाजूंना विटा रचून सळया त्यांवर टेकवा. निखाऱ्यांपासून आठ-दहा सेंटिमीटर वर, जाळी न लावता. पहिली उलथापालथ अर्ध्या मिनिटात करा, दोन्ही बाजू धरल्या की मग सावकाश. एकूण आठ-दहा मिनिटं. चरबी टपकून ज्वाळा उठल्या तर सळया बाजूला घ्या, पाणी मारू नका, राख उडते.

मध्येच पातळ रोटी कबाबावर दाबून त्यातली चरबी टिपून घ्या आणि तीच रोटी खाली अंथरून वाढा. सोबत मीठ चोळून पिळलेला कांदा, पार्सली, सुमाक (आंबट लाल फळांची भरड पूड). सुमाक नसेल तर लिंबू.