शांत कुत्रा पाळला, तरी घरात शांतता येईना? या चुका टाळा

शांत कुत्रा आणि गप्प झालेला कुत्रा लांबून अगदी सारखे दिसतात. दोघंही भुंकत नाहीत, पाहुण्यांच्या अंगावर जात नाहीत, आणि दोघांनाही सोसायटीत ‘किती गुणी आहे हो तुमचा’ अशी शाबासकी मिळते. फरक जवळ गेल्यावर कळतो. शांत कुत्रा एका कुल्ल्यावर कललेला असतो, कान सैल, जबडा ढिला. दार वाजलं की मान वर करतो, बघतो आणि पुन्हा हनुवटी टेकवतो. गप्प झालेला कुत्रा चारही पाय अंगाखाली घेऊन बसतो, तोंड घट्ट मिटलेलं. हाक मारली तर डोळे तुमच्याकडे वळतात, पण शेपूट हलत नाही. त्याच्या सोबतीने कुणाचं मन हलकं होणार नाही, कारण तो स्वतःच कसाबसा दिवस ढकलतोय. आजारी किंवा खचलेल्या माणसाला सोबत म्हणून कुत्रा आणताना होणाऱ्या पुढच्या बहुतेक चुका या दोघांत गल्लत केल्याने होतात.

आधी शरीरात काय घडतं ते पाहू. जपानच्या अझाबू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं, की कुत्रा आणि त्याचा माणूस एकमेकांकडे निवांत बघत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन, म्हणजे जिव्हाळ्याचं संप्रेरक, वाढतं. अमेरिकेत वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीत २४९ विद्यार्थ्यांवर झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुत्र्या-मांजरांना दहा मिनिटं कुरवाळल्यावर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, कमी झालेलं दिसलं. लोक एवढंच वाचून थांबतात. त्याच वर्षी स्वीडनच्या लिंशॉपिंग विद्यापीठाने ५८ कुत्र्यांच्या आणि त्यांच्या मालकिणींच्या केसांतलं कॉर्टिसॉल मोजलं, तर दोघांची पातळी बरोबरीने वर-खाली होत होती. मालकिणीचा ताण कुत्र्यातही उतरतो, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे वाहतूक दुतर्फा आहे. (पुण्यात ती एकेरी रस्त्यावरही दुतर्फाच असते म्हणा.) घरातल्या माणसाला आधार हवा असेल, तर आधी कुत्र्याच्या ताणाची सोय लावावी लागते.

‘लॅब्रॅडॉर शांत असतो’ म्हणून पिल्लू आणणं

लॅब्रॅडॉर शांत होतो, पण दोन-अडीच वर्षांनी. तोवर तो चपला खातो, उड्या मारतो आणि आजींना धक्का देतो. शिवाय लहान पिल्लाला रात्री दोन-तीन वेळा शू करायला बाहेर न्यावं लागतं. नैराश्य, अर्धशिशी किंवा बायपोलर आजार असलेल्या माणसाची झोप अशी तुटली, तर फायद्याऐवजी आजार उसळतो. अपस्मारात तर अपुरी झोप हे झटका येण्याचं ठरलेलं कारण. अशा घरांसाठी तीन ते सहा वर्षांचा, स्वभाव बनलेला, दत्तक मिळणारा कुत्रा शंभर पटींनी बरा. आपला गावठी कुत्राही चालतो, फक्त तो जात्याच सावध आणि राखणदार असतो हे धरून चाला. लिफ्ट आणि जिना यांच्या मधल्या फ्लॅटमध्ये तो प्रत्येक पावलाला कान टवकारणार.

निवडताना तीनदा जा, वेगवेगळ्या वेळी. एकदा जेवणाआधी, एकदा भर दुपारी, एकदा गर्दीत. दहा-बारा फुटांवर किल्ल्यांचा जुडगा खाली टाकून बघा. दचकणं गैर नाही, सावरायला किती वेळ लागतो ते महत्त्वाचं. काही सेकंदांत येऊन जुडगा हुंगणारा कुत्रा उत्तम. पाच मिनिटं कोपरा न सोडणारा कुत्रा प्रेमळ असेलही, पण आजारी माणसाच्या सोबतीला देऊ नका. पिल्लूच घ्यायचं असेल तर आठ आठवड्यांच्या आतलं घेऊ नका. २०१७ च्या श्वान प्रजनन नियमांनुसार तसं पिल्लू विकणं बेकायदाही आहे.

मिठी

ही सर्वांत जास्त होणारी चूक, आणि तिचे फोटोही सर्वांत जास्त निघतात. दिवाणावर आठ वर्षांचा मुलगा कुत्र्याच्या गळ्यात दोन्ही हात टाकून बसलाय, आई मोबाइल धरून ‘इकडे बघ, इकडे बघ’ म्हणतेय. फोटो मोठा करून बघा. कुत्र्याचं तोंड मुलापासून दुसरीकडे वळलेलं, जिभेचं टोक नाकावर, आणि डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर. ही कोर दिसली की समजायचं, त्याला निघायचंय आणि वाट नाही. यानंतर गुरगुर येते, ती दाबली तर पुढच्या वेळी इशारा न देता दात येतात. म्हणून गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला कधीही रागावू नका. ती त्याची घंटी आहे, ती बंद पाडायची नसते.

करायचं असं: कुत्र्याला आपल्याकडे येऊ द्या. छातीवर किंवा खांद्यावर तीन सेकंद कुरवाळा, मग हात काढून मांडीवर ठेवा. तो सरकून जवळ आला, हाताला नाक लावलं, तर पुढे चालू. अंग झटकलं, जांभई दिली किंवा नुसता स्तब्ध राहिला, तर आज पुरे. हात डोक्यावर थापटायचा नाही, केसांच्या दिशेने सावकाश फिरवायचा, मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत एकदा जायला चार-पाच सेकंद लागावेत. या संथ लयीने माणसाचा श्वासही आपोआप लांबतो, आणि मज्जासंस्था निवण्याचा मोठा भाग तिथेच होतो. भराभर चोळलं तर कुत्रा खेळायला उठतो.

स्वमग्न मुलासाठी कुत्रा असेल तर एका वेळी दहा-पंधरा मिनिटं पुरेत, मोठं माणूस हाताच्या अंतरावर, आणि खोलीचं दार उघडं. अशा मुलाला अनेकदा मांडीवर वजन हवं असतं, पण कुत्र्याला दाबून धरून ते मिळवायचं नाही. त्यासाठी जड गोधडी मांडीवर द्या, कुत्रा शेजारी असू दे.

‘दमवला की शांत होईल’

अर्धसत्य. रोज तासभर चेंडू फेकला तर कुत्रा दमत नाही, त्याचा दम वाढतो. महिन्याभरात तासाऐवजी दीड तास लागतो, आणि घरी आल्यावरही तो धापा टाकत चेंडूच शोधतो. त्याऐवजी हुंगत फिरवा. छातीवर इंग्रजी ‘वाय’ आकार होणारा हार्नेस, अडीच-तीन मीटरचा साधा पट्टा, वेळ २५ ते ३० मिनिटं, आणि दिशा कुत्र्याने ठरवायची. एका खांबाशी दोन मिनिटं गेली तरी ओढू नका. टेकडीवर नेत असाल तर पट्टा सोडू नका, तिथे मोर आहेत. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठच्या आत परत यायचं. हाताची मागची बाजू सात सेकंद डांबरावर ठेवून बघा, ठेववत नसेल तर पंजेही ठेववणार नाहीत. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला तर उन्हात न्यायचंच नाही.

शांत बसणं शिकवावं लागतं, आणि त्याला लागते एक सतरंजी. उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे वाटाण्याएवढे बारा तुकडे घ्या. कुत्रा सतरंजीवर आला की पहिला तुकडा त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मध्ये जमिनीवर ठेवा. हातातून भरवलात तर तो हाताकडेच टक लावून बसेल, आणि ताटकळणं म्हणजे शांत बसणं नव्हे. पुढचा तुकडा तीन सेकंदांनी, मग पाच, मग दहा, मग पुन्हा तीन. अंतर सरळ वाढवत नेलं तर तो चौथ्या-पाचव्या तुकड्याला उठतो. कुल्ला एका बाजूला टेकला किंवा त्याने सुस्कारा टाकला, की त्या क्षणाला दोन तुकडे. तीन मिनिटांत आवरायचं, दिवसातून दोनदा. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्री सतरंजी अंथरताच येऊन पडतात. नाही पडली तर बहुधा जागा चुकलेली असते: दारासमोर, टीव्हीखाली किंवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी.

जागेवरून झोपेचं आठवलं. मोठ्या कुत्र्याला दिवसाकाठी १२ ते १४ तास झोप आणि विश्रांती लागते. टू बीएचकेच्या हॉलमध्ये बेल, कुरिअर आणि शिकवणीची मुलं यांत ती होत नाही. गादी आतल्या खोलीच्या कोपऱ्यात न्या आणि घरात एक नियम करा: गादीवरच्या कुत्र्याला कुणी हात लावायचा नाही, हाक मारून बोलवायचं.

ढोल सुरू झाल्यावर धावाधाव

जुलैच्या सुमारास नदीपात्रात पथकांचा सराव सुरू होतो, मग गणपती, मग दिवाळी. माणसाला २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला साधारण ४५ हजारांपर्यंत. ताशाची तर्री त्याच्या कानात कशी शिरत असेल, याची कल्पना त्यावरून करावी. सवय मे-जूनमध्येच लावायची. मोबाइलवर ढोलाचा आवाज अगदी बारीक, कुत्रा जेवत असताना, पाच मिनिटं. खाणं थांबलं तर आवाज जास्त झाला, मागे या. तीन दिवस निर्धास्त खाल्लं की आवाज एक खूण वर.

विसर्जनाच्या दिवशी आतली खोली, खिडक्या बंद, पडदे ओढलेले, पंखा किंवा कूलर चालू. बाहेरची फेरी ढोल सुरू होण्याआधी. घाबरलेल्या कुत्र्याला जवळ घेतलं की तो शेफारतो, हा गैरसमज सोडा. तो आपणहून येत असेल तर बिनदिक्कत जवळ घ्या. औषध लागणार असेल तर पशुवैद्यांना महिनाभर आधी भेटा आणि एका साध्या दिवशी मात्रा देऊन बघा. नुसती गुंगी आणणाऱ्या गोळीवर समाधान मानू नका: अंग लुळं पडतं, भीती तशीच राहते. आणि घरातल्या माणसाची झोपेची गोळी कुत्र्याला अजिबात नाही.

‘परवापासून किती शहाण्यासारखा बसतो!’

तो शहाणा झालेला नाही, त्याला बहुधा ताप आहे. पावसाळ्यात आणि नंतर पुण्यात गोचीड-तापाचे कुत्रे दवाखान्यात रांगेने दिसतात. ऐन मस्तीतला कुत्रा दोन दिवसांत मवाळ झाला तर आधी हिरड्या बघा, गुलाबी आहेत की फिकट. गुदद्वारातून तापमान घ्या. १०१ ते १०२.५ फॅरनहाइट ठीक, १०३ च्या वर दवाखाना. लघवी चहासारखी गडद किंवा नाकातून रक्त, तर त्याच दिवशी. रक्ताच्या तपासणीत प्लेटलेट बघतात. एर्लिकिया, म्हणजे गोचिडीतून येणारा जंतू, निघाला तर डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक साधारण चार आठवडे चालतं, तिसऱ्या दिवशी जेवायला लागला म्हणून बंद करायचं नाही. गोचीड शोधायच्या जागा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, काखेत, पट्ट्याखाली.

मेंदूच्या आजारात लागणारी वेगळी काळजी

पार्किन्सन्समध्ये (कंपवातात) चालता चालता पाय जागीच अडकतो, त्याच क्षणी कुत्र्याने ओढ घेतली की माणूस तोंडावर पडतो. पट्टा मनगटाला गुंडाळायचा नाही, लांब-आखूड होणारा दोरीचा पट्टा घ्यायचाच नाही. बाहेर फिरवणं दुसऱ्याकडे, घरात खुर्चीत बसल्यावर सोबत. रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा हवा, कारण काळा कुत्रा काळोखात दिसत नाही.

स्मृतिभ्रंशात वेगळंच घडतं. आजोबा सकाळी पोळी देतात, विसरतात, पुन्हा देतात. तीन महिन्यांत कुत्रा दोन किलोंनी वाढतो. आजोबांना रागावण्यात अर्थ नाही, भरवणं हाच त्यांचा आनंद आहे. सकाळी दिवसभराचं खाणं मोजून एका डब्यात काढा आणि त्यातूनच द्यायला सांगा. डबा संपला की संपला. मनुका, चॉकलेट, कांदा-लसूण त्यांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि खाली पडलेली गोळी लगेच उचला. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल कुत्र्याला घातक आहेत.

अपस्मारात ‘झटका आधीच ओळखणारा कुत्रा तयार करून देतो’ असं कुणी सांगून मोठी रक्कम मागितली, तर देऊ नका. काही कुत्री झटक्याआधी वेगळी वागतात हे खरं, पण ते हुकमी शिकवता येत नाही. उलट झटका बघून कुत्रा घाबरू शकतो. घरच्यांनी ठरवून ठेवावं: एकाने माणसाला कुशीवर वळवायचं आणि वेळ बघायची, दुसऱ्याने कुत्र्याला बाहेर न्यायचं. कुत्रा आला म्हणून औषध कमी करणं, ही चूक तर जिवावर बेतते. नैराश्यातही तेच. रात्री-अपरात्री फारच जड झालं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कुत्र्याइतकाच हाताशी ठेवा.

कागदपत्रं

‘इमोशनल सपोर्ट डॉग’ असा वेगळा कायदेशीर दर्जा भारतात नाही, त्यामुळे इंटरनेटवरचं विकतचं प्रमाणपत्र म्हणजे रद्दी. लिफ्टसाठी भांडण असेल तर भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सोसायटीला दाखवा. महापालिकेची नोंदणी आणि रेबीजच्या लसीचा दाखला मात्र हवाच.

कुत्रा म्हातारा होतो तेव्हा

सात-आठ वर्षांनंतर दर सहा महिन्यांनी तपासणी. ज्या कुत्र्याने वर्षानुवर्षं कुशीत झोपू दिलं, तो एक दिवस कंबरेला हात लागताच दचकून वळतो. तो चिडका झालेला नसतो, त्याचे सांधे दुखतात. फरशीवर पाय घसरू नयेत म्हणून सतरंजीखाली रबरी जाळी घाला, दिवाणावर उडी मारायला सांगू नका. रात्री नऊला तुमच्या मांडीवर डोकं ठेवायची त्याची सवय असेल, तर आता तुम्हीच खाली त्याच्या गादीशेजारी जाऊन बसा.