सह्याद्रीतील पहिली पायपीट : कधी, कुठे आणि कशी

सह्याद्रीत चालायला सुरुवात करू पाहणारे बहुतेक जण पहिला किल्ला कोणता निवडावा, असे विचारतात; माझ्या मते त्याआधी महिना निवडायला हवा. धबधब्यांच्या आणि हिरवाईच्या ओढीने आपल्याकडचे असंख्य लोक जुलै-ऑगस्टमध्येच पहिल्यांदा डोंगरावर जातात, आणि नेमका तोच काळ नवख्यासाठी सर्वांत अवघड असतो. कातळावर शेवाळ धरलेले असते, धुक्यात समोरची वाट दिसत नाही, सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारच्या सरीनंतर फुगून परतीची वाट अडवतो, आणि काही ठिकाणी तर जिल्हा प्रशासन प्रवेशबंदीचे आदेशही काढते. म्हणून सुरुवात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावी. तेव्हा गवत वाळत जाऊन पायवाटा स्पष्ट होतात, हवा थंड असते, आणि मुख्य म्हणजे डोंगराची रचना डोळ्यांना नीट दिसते. मार्चपासून कातळ तापू लागतो आणि गडावरची टाकीही आटत जातात.

किल्ल्यावर जाण्यापूर्वी तीन-चार आठवडे गावाजवळच्या टेकडीवर नियमाने चढ-उतार करावी. पुण्यात वेताळ टेकडी, साताऱ्यात अजिंक्यतारा, नाशिकला पांडवलेणी अशी ठिकाणे त्यासाठी पुरेशी आहेत. रोज सपाट रस्त्यावर पाच किलोमीटर चालणाऱ्या माणसालाही पहिल्या गडानंतर जिने उतरता येत नाहीत, याचे कारण उतरण हे आहे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा भार पेलत असतात आणि या कामाची त्यांना सवय नसते. ही सवय फक्त उतरूनच लागते, त्यामुळे टेकडी चढून रिक्षाने घरी परतण्यात अर्थ नाही. शेवटच्या आठवड्यांत पाठीवर पाण्याच्या बाटल्या भरलेली पिशवी असावी.

पहिल्या गडासाठी लोहगड उत्तम आहे. लोणावळ्याजवळच्या मळवली स्थानकावर उतरून भाजे गावातून गायमुख खिंडीकडे चालत जाता येते. खिंडीच्या एका हाताला लोहगड आणि दुसऱ्या हाताला विसापूर असतो. लोहगडवाडीपासून गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशा चार दरवाजांतून बांधीव पायऱ्यांची वाट वर जाते. गाडीने थेट वाडीपर्यंत जाण्याची सोय असली तरी मळवलीपासूनच चालावे, असा माझा आग्रह आहे, कारण डोंगर कसा वाचायचा हे त्या चालीतच कळते. सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांनी बनला आहे. कठीण थरांचे उभे कडे झाले आणि मऊ थर झिजून मधले सपाट पदर तयार झाले. त्यामुळे इथली चढाई बहुधा टप्प्याटप्प्याने होते: गावातून एखाद्या सोंडेने, म्हणजे खाली उतरत आलेल्या डोंगरधारेने, पदरावर, पदरावरून आडवे खिंडीत किंवा घळीत आणि शेवटी कातळमाथ्यावर. पायथ्याशी दहा मिनिटे थांबून हे टप्पे नजरेने ओळखावेत, आणि विश्रांती उभ्या चढात न घेता पदरावर घ्यावी.

वेळेचा हिशेब कागदावर करावा. विल्यम नाइस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने 1892 साली दिलेला नियम आजही वापरला जातो: दर 3 मैल अंतराला एक तास आणि दर 2000 फूट चढाईला आणखी एक तास. हा नियम सराव असलेल्या माणसाचा आहे. आपल्या उन्हात, पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या नवख्याने उभ्या चढाच्या दर 300 मीटरला एक तास धरावा आणि उतरायलाही जवळपास तेवढाच वेळ राखून ठेवावा. आतकरवाडीतून सिंहगडाची चढाई सुमारे 600 मीटरची आहे, म्हणजे दोन तास. डिसेंबरमध्ये सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून परत फिरण्याची वेळ घरूनच ठरवून निघावे. ती वेळ झाली की माथा अर्ध्या तासावर असला तरी मागे वळावे.

सामानात सर्वांत महत्त्वाचे बूट. त्यांच्या तळव्याला खोल नक्षी असावी आणि उतारावर बोटे पुढे आदळून नखे काळी पडू नयेत, इतकी जागा आत असावी. नवे बूट थेट गडावर न नेता टेकडीवर वापरून घ्यावेत. माणशी तीन लिटर पाणी, क्षार-साखरेची पाकिटे, गूळ-शेंगदाणे, दशम्या, काकडी किंवा संत्री, टोपी, विजेरी, चिकटपट्ट्या आणि शिट्टी एवढे पुरते. जीन्स टाळावी, घामाने भिजली की जड होते. विजेरी दिवसभराच्या चालीतही लागते, कारण उशीर कोणालाही होऊ शकतो.

चढताना बोलता येईल इतकाच वेग ठेवावा. उतरताना गुडघे किंचित वाकवून, लहान पावले टाकत, पूर्ण तळवा टेकवावा. घाबरून मागे झुकल्यास पाय हमखास घसरतो. सुट्या मुरमाच्या घसाऱ्यावर पाऊल आडवे ठेवावे आणि आधारासाठी वाळके गवत धरू नये. कातळटप्पा आला तर दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले असावेत, आणि उतरताना तोंड कड्याकडे करावे. ज्यांना दृष्टिभय, म्हणजे खोल दरी पाहून भीती, वाटते त्यांनी ते सोबत्यांना आधीच सांगावे. त्यात कमीपणा काहीच नाही.

वाट विचारण्याचीही एक पद्धत आहे. गुराख्याला किंवा मावशींना ‘गडाची वाट हीच ना?’ असे विचारले की होकार मिळण्याचीच शक्यता जास्त असते. त्याऐवजी ‘मामा, गडावर कुठनं जायचं? पुढं वाट कुठं फुटते?’ असे विचारावे आणि उत्तर पूर्ण ऐकावे. त्यांनी सांगितलेला ‘अर्धा तास’ आपण एक तास समजावा, कारण तो त्यांच्या पायांचा असतो. ढोरवाटा मळलेल्या दिसतात, पण मध्येच झाडीत विरतात. वाट अरुंद होत गेली, तर पुढे न रेटता शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परतावे. त्यासाठी प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहण्याची सवय लावून घ्यावी, कारण परतीचा देखावा जातानाच्या देखाव्यापेक्षा फार वेगळा असतो. जंगलातल्या वाटेसाठी गावातून वाटाड्या घ्यावा आणि त्याचे पैसे आधी ठरवून मान राखून द्यावेत.

कड्यांवरची आग्या मोहोळे अत्तराने, धुराने आणि आरडाओरड्याने चवताळतात, म्हणून तिन्ही टाळावे. दगडांच्या फटीत न पाहता हात घालू नये. तिथे फुरसे असू शकते. सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, आवळपट्टी बांधू नये, माणसाला शक्य तितके न हलवता खाली आणावे आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. गडावर अनेकदा मोबाइलला रेंज नसते, म्हणून कोणत्या वाटेने जाणार आणि कधी परतणार, हे घरी लिहून ठेवावे.

लोहगड आणि सिंहगड जमले की लोणावळ्याहून राजमाचीची लांब पण सौम्य वाट, त्यानंतर पाली दरवाजाने राजगड आणि मग बारी गावातून 1646 मीटर उंचीचे कळसूबाई शिखर, असा क्रम ठेवावा. हरिहरच्या उभ्या कातळपायऱ्या आणि कलावंतीणचा सुळका छायाचित्रांमुळे नवख्यांना खुणावतात, पण तिथे किमान एक हिवाळा चालून झाल्यावर, गर्दी नसलेल्या दिवशी आणि अनुभवी सोबत्याबरोबरच जावे.